साथीच्या दिवसांत घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्यांनी आधी काय मागावं

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्या रोज तीन घरी जातात. सकाळी अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांची आंघोळ आणि कपडे, दुपारी डायलिसिसवर असलेल्या एका बाई, संध्याकाळी विसरभोळेपणा वाढलेल्या एक आजी. साथ सुरू झाल्यावर एजन्सीने आठवड्याला दोन साधे मास्क दिले आणि ‘काळजी घ्या’ असा मेसेज पाठवला. आजोबांच्या घरात नातवाला ताप आहे हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं, तेही औषधाची बाटली टेबलावर दिसली म्हणून. नाही म्हटलं तर पुढची कामं मिळणार नाहीत अशी भीती आहे. आजींच्या घरचे म्हणतात, साथ संपेपर्यंत इथेच राहा. त्या विचारतात, ‘मी नक्की काय मागू शकते? आणि मास्क कुठला घालू?’

मास्कचं सांगतेच, पण नंतर. या प्रश्नात मास्क हा सगळ्यात सोपा भाग आहे.

मी चोवीस वर्षं या कामात आहे. आधी अटेंडंट म्हणून, मग नर्सिंग शिकून, आणि गेली काही वर्षं ड्युट्या लावणारी सुपरवायझर म्हणून. म्हणजे ‘आज जमेल ना?’ असा जो फोन तुम्हाला येतो, तो करणारी मीच. त्यामुळे दोन्ही बाजूंची लबाडी मला माहीत आहे, स्वतःची धरून. २०२० च्या सुरुवातीच्या महिन्यांतली गोष्ट. आमच्याकडच्या एका बाईंनी सकाळी फोन करून सांगितलं, घसा खवखवतोय. मी विचारलं, ताप आहे का? नाही म्हणाल्या. मग जा, म्हटलं. त्या दिवशी त्या तीन घरी गेल्या. चौथ्या दिवशी त्या आजारी, आणि आठवड्याभरात तीनपैकी दोन घरांतली माणसं आजारी. कुणाचा संसर्ग कुणाला झाला हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण मी त्यांना जो प्रश्न विचारायला हवा होता तो तापाचा नव्हता. ‘आज घरी थांबलात तर तुमची आजची मजुरी कोण देणार?’ हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

म्हणून तुम्ही सगळ्यात आधी जी गोष्ट मागायची ती पगारी आजारी रजा. घशात खवखव झाली, घरात कुणाला ताप आला किंवा तपासणीचा निकाल यायचा आहे, तर त्या दिवसांचे पैसे मिळायला हवेत. ही सवलत वाटते, पण साथीत तेच खरं संसर्ग नियंत्रण असतं. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या वृद्धांना सांभाळणाऱ्या एका शुश्रूषागृहात कोविडची साथ इतकी का पसरली याचा शोध तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी घेतला, तेव्हा लक्षणं असतानाही कामावर येणारे कर्मचारी आणि एकाहून जास्त ठिकाणी काम करणारे कर्मचारी ही दोन कारणं त्यांच्या यादीत होती. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या शुश्रूषागृहांची मोठी पाहणी झाली. जिथे कर्मचाऱ्यांना आजारपणाचा पगार मिळत होता तिथल्या रहिवाशांमध्ये लागण कमी दिसली, आणि जिथे एजन्सीची माणसं रोज बदलत होती तिथे जास्त. दोन्ही उदाहरणं संस्थांतली आहेत. एकेका घरात जाणाऱ्यांची अशी मोजदाद माझ्या पाहण्यात नाही, पण कारणं तीच लागू पडतात. किंबहुना घरी जास्तच.

आणि गंमत बघा. मार्च २०२० मध्येच अमेरिकेने तातडीचा कायदा करून अनेक नोकरदारांना साथीपुरती पगारी रजा दिली. त्यात मालकांना एक मुभा ठेवली होती, आरोग्यसेवा देणाऱ्यांना हवं तर वगळा. त्या व्याख्येत घरी जाऊन सेवा देणारेही बसवले गेले. म्हणजे ज्यांच्या खोकल्याने सगळ्यात नाजूक माणसाला धोका, त्यांनाच घरी थांबण्याचे पैसे नाकारण्याची सोय. हेतू असा की सेवा बंद पडू नये. अशा वेळी सेवा बंद पडत नाही, ती आजारी माणसाच्या हातून चालू राहते.

एजन्सीकडून ‘परवडत नाही’ असं उत्तर येईल. छोट्या एजन्सीची अडचण खरी असते, मी ताळेबंद पाहिले आहेत. अशा वेळी मी मधला मार्ग सुचवते: पूर्ण पगार जमत नसेल तर निम्मा, पण लेखी. आणि घरी थांबलेल्या बाईची घरं परत तिलाच मिळतील याची हमी. बायका पैशांपेक्षा या दुसऱ्या गोष्टीला जास्त घाबरतात. चार दिवस दुसरी कुणी गेली आणि घरच्यांना आवडली, तर माझं घर गेलं. हे भय गेलं की अर्ध्या जणी खरं सांगायला लागतात.

दुसरी मागणी माहितीची. नातवाचा ताप तुमच्यापासून लपवला गेला. यात घरच्यांचा दुष्टपणा क्वचितच असतो. त्यांना वाटतं, सांगितलं तर ही येणार नाही, आणि मग बाबांचं कोण करणार? ते काही खोटं नाही. पण दवाखान्यात दाराशी रोज विचारतात तसं तुम्हीही रोज विचारा, निघण्याआधी फोनवर: घरात कुणाला ताप, खोकला, जुलाब, वास न येणं? बाहेरून कुणी आलंय का? रोज, त्याच शब्दांत, ‘एजन्सीचा नियम आहे’ म्हणून. नियमावर कुणाला राग येत नाही. पेशंटच्या बाबतीत एक ध्यानात असू द्या, फार वय झालेल्या माणसाला संसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. एकदम गोंधळल्यासारखं बोलणं, जेवण सोडणं, दिवसभर झोपून राहणं, पडणं हीच पहिली लक्षणं असू शकतात. हे डॉक्टरच्या आधी तुम्हाला दिसतं. कळवा आणि वहीत लिहा.

माहितीही आधी मिळायला हवी, दारात पोचल्यावर नाही. घरात लागण झालेलं माणूस आहे हे कळूनही जायचं असेल तर साधनं वेगळी लागतात, घरांचा क्रम बदलावा लागतो. तुमच्या तीन घरांपैकी डायलिसिसवरच्या बाई बहुधा सगळ्यात नाजूक, कारण त्यांची प्रतिकारशक्ती कमी असते आणि त्यांना केंद्रावरही जावं लागतं. त्यांच्याकडे आधी, ताप असलेल्या घरी शेवटी. खरं तर त्या काळात ताप असलेलं घर एकीने आणि उरलेली दोन घरं दुसरीने करावीत. हे सुपरवायझरचं काम आहे, तुमचं नव्हे. पण तुम्ही सुचवलंत तर नाही म्हणायला तिला कारण शोधावं लागेल.

आता ‘नाही’ म्हणण्याबद्दल. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८१ चा एक करार आहे, क्रमांक १५५. त्याचं तेरावं कलम सांगतं की जिवाला गंभीर आणि तत्काळ धोका आहे असं मानायला रास्त कारण असेल, तर कामावरून बाजूला झालेल्या कामगाराला त्याबद्दल शिक्षा होता कामा नये. जून २०२२ मध्ये सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा त्या संघटनेने मूलभूत हक्कांत धरला. करार कागदावर आहे आणि प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, त्यामुळे तुमच्या भागातल्या कामगार कार्यालयात किंवा युनियनकडे ‘धोकादायक काम नाकारण्याबद्दल इथे काय नियम आहे’ एवढा एकच प्रश्न घेऊन जा. प्रश्न जितका नेमका, उत्तर तितकं लवकर.

पण आपल्या कामात एक पेच आहे, तो कारखान्यात नसतो. तिथे मशीन बंद करून माणूस बाहेर पडू शकतो. तुम्ही बाहेर पडलात तर आजोबा ओल्या कपड्यात पडून राहतील. म्हणून माझा नियम असा: घराच्या बाहेर असताना नाही म्हणता येतं, आत पोचल्यावर सोपवूनच निघायचं. घरातल्या जाणत्या माणसाच्या किंवा दुसऱ्या अटेंडंटच्या हाती, औषधं-खाणं-शेवटचं कुशीवर वळवलं कधी हे सांगून, वेळ लिहून. तसं न करता निघालात तर माणुसकीने चूकच, आणि सगळा दोष तुमच्या माथी मारायला एजन्सीला आयतं निमित्त.

बोलण्याची पद्धतही सांगते. ‘मी जाणार नाही’ असा मेसेज पाठवू नका. ‘एन-९५ मास्क, ग्लोव्हज, गाऊन आणि डोळ्यांचं कवच मिळालं की मी जाते, कधी मिळेल ते कळवा’ असा पाठवा. तोच अर्थ, पण आता उत्तर देणं त्यांच्या गळ्यात. आणि फोनवर ठरलेलं प्रत्येक बोलणं नंतर मेसेजमध्ये टाका: ‘आत्ता आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे…’ मी सुपरवायझर असून हे सांगते आहे, कारण असे मेसेज आले की मलाही वरच्यांकडे साहित्य मागताना हातात काहीतरी असतं.

आजींच्या घरी मुक्कामाला राहायचं का? इथे मी जरा कडक बोलणार आहे. घरच्यांचा हेतू चांगला असतो, आणि संसर्गाच्या दृष्टीने विचार केला तर एका घरात एकच बाई राहणं बरंच. पण राहायला गेलेल्या बाईचे तास कधी संपतच नाहीत. रात्री दोनला आजी उठतात, पहाटे पाचला पुन्हा. दिवसा घरच्यांना वाटतं, ही इथेच तर आहे, मग भांडी, मग मुलांचं खाणं. बघता बघता तीन आठवडे एकही मोकळा दिवस नाही, बाहेर जायचं म्हटलं तर ‘बाहेरून काही आणाल’. घरकामगारांच्या हक्कांचा २०११ चा करार, क्रमांक १८९, यावर स्पष्ट आहे: आठवड्यात सलग किमान २४ तास सुट्टी, घरात राहायचं की नाही हे दोघांच्या संमतीने ठरायचं, सुट्टीच्या वेळेत त्याच घरात थांबण्याची सक्ती नाही, आणि ओळखपत्रं-कागदपत्रं स्वतःकडेच ठेवायची. जिथे तो करार स्वीकारलेला नाही तिथेही बोलणी करताना मापदंड म्हणून वापरता येतो.

तेव्हा राहायचं असेल तर जाण्याआधी ठरवा: किती आठवडे, स्वतंत्र खोली आहे का आणि दार आतून लागतं का, रात्री किती वेळा उठावं लागेल आणि त्याचे पैसे काय, सुट्टीच्या दिवशी कोण सांभाळणार, आणि तुम्ही आजारी पडलात तर कुठे राहाल. हा शेवटचा प्रश्न सगळे टाळतात. मी अशी एक बाई पाहिली आहे जिला ताप आल्याबरोबर पिशवी हातात देऊन दाराबाहेर उभं केलं, आणि स्वतःच्या घरी लहान मूल असल्यामुळे तिला तिथेही जाता येईना. दोन महिने ती ‘घरातलीच’ होती.

आता घराच्या आत. दवाखान्यात हवा बदलण्याची यंत्रणा असते, हात धुवायला खोलीत बेसिन असतं, कचऱ्याला वेगळी पिशवी असते. घरात बंद खिडक्या, पडदे आणि ‘बाबांना वारा सोसत नाही’ हे वाक्य असतं. श्वासातून पसरणाऱ्या आजारात तुम्ही पोचल्यावरचं पहिलं काम खिडकी उघडणं. शक्य असेल तर समोरासमोरच्या दोन. पेशंटला पांघरूण घाला, पण हवा खेळती ठेवा. बाहेरची हवा फारच बोचरी असेल तर दर तासाला दहा मिनिटं उघडा. अंतर ठेवा हा सल्ला आपल्या कामात निरुपयोगी आहे. आंघोळ, भरवणं, कुशीवर वळवणं, दात घासणं या सगळ्याला तोंडाशी तोंड येतंच. तेव्हा जवळची कामं एकत्र करून थोड्या वेळात उरका, आणि नुसतं सोबत बसायचं असेल तेव्हा खिडकीकडे बसा. घशातला कफ मशीनने ओढायचा असेल किंवा नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं मशीन) द्यायचा असेल, तर त्या वेळी साध्या मास्कवर काम करू नका.

आणि जेवण. आम्ही आमच्याकडच्या लागणींचा माग काढायचा प्रयत्न केला तेव्हा ही एक गोष्ट पुन्हापुन्हा पुढे आली. बाई सहा तास मास्क नीट घालते, आणि दुपारी घरच्यांबरोबर एकाच टेबलावर मास्क काढून वीस मिनिटं गप्पा मारत जेवते. जेवायला वेगळी, उघड्या खिडकीजवळची जागा मागा. वाळीत टाकल्यासारखं वाटेल, घरच्यांनाही अवघड वाटेल. सांगा, ‘हे माझ्यापासून तुम्हाला जपायला आहे.’ तेही खरंच आहे. तीन घरं फिरणारी तुम्हीच आहात.

मास्क. तीन पदरी सर्जिकल मास्क तुमच्या तोंडातले थेंब अडवतो, पण कडेने हवा आत येते. एन-९५ हा ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे अडवायला सगळ्यात कठीण असलेले कण किमान ९५ टक्के अडवतो. मात्र चेहऱ्याला चिकटून बसला तरच. दोन्ही हात मास्कच्या कडांवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला तर नाकाची पट्टी पुन्हा दाबा. ब्रदर लोकांनी, म्हणजे पुरुष परिचारकांनी, दाढी ठेवली असेल तर तो नीट बसत नाही. टंचाईत तोच मास्क पुन्हा वापरावा लागतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने अशा काळासाठी, उत्पादकाने वेगळं सांगितलं नसेल तर, एक मास्क पाचपेक्षा जास्त वेळा चढवू नका असं सांगितलं होतं. मधल्या वेळेत कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको, कारण ओल राहते. पाच मास्क असतील तर वार घालून फिरवा. ओला झाला, मळला, इलास्टिक सैल झालं की संपला. आठवड्याला दोन साध्या मास्कमध्ये हे बसत नाही. म्हणून तर मास्क कुठला हा प्रश्न तुमचा नाही, एजन्सीचा आहे. स्वतःच्या पैशांनी घेतलात तर पावती ठेवा आणि मागा.

घालण्यापेक्षा काढताना जास्त चुका होतात, कारण तेव्हा आपण दमलेलो असतो. आधी ग्लोव्हज, मग गाऊन आतली बाजू बाहेर गुंडाळत, मग हात स्वच्छ करा, खोलीबाहेर या, मग डोळ्यांचं कवच, आणि सगळ्यात शेवटी मास्क, मागच्या दोऱ्या धरून. पुढच्या बाजूला हात लावायचा नाही. पुन्हा हात धुवा, साबणाने ४० ते ६० सेकंद. हे करायला दाराजवळ एक कोपरा आणि झाकणाची बादली पहिल्याच दिवशी मागून घ्या.

पुसण्यासाठी साधारण ५ टक्क्यांचं घरगुती ब्लीच असेल तर एक भाग ब्लीचला ४९ भाग पाणी पुरतं. रक्त किंवा उलटी सांडली असेल तर ती आधी टिपून घ्या, आणि मग एकास नऊ. रोज ताजं करा, खिडकी उघडी ठेवा, आणि संडास साफ करायच्या अॅसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. साथीच्या काळात घाबरून दोन-तीन औषधं एकत्र करणारे घरोघरी भेटतात. पेशंटच्या चादरी झटकू नका, तशाच गुंडाळून साबणाच्या गरम पाण्यात टाका.

वहीबद्दल वर म्हटलं, ते जरा नीट सांगते. रोज एक ओळ: तारीख, घर, आत गेल्याची आणि निघाल्याची वेळ, फोनवर काय सांगितलं, कोणती साधनं मिळाली, स्वतःला काही त्रास. आजारी पडलात आणि भरपाई मागायला गेलात तर पहिला प्रश्न येतो, हे कामावरच झालं कशावरून? दवाखान्यातल्या नर्सकडे ड्युटीचं रजिस्टर असतं, तुमच्याकडे काहीच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात आरोग्य आणि शुश्रूषा क्षेत्रातली ८० हजार ते १ लाख ८० हजार माणसं कोविडने गेली असा अंदाज दिला. दोन आकड्यांमधली दरी बघा. इतक्या माणसांची नोंदच धड कुठे नाही, आणि चार भिंतींआड एकटीने काम करणारीची तर सगळ्यात कमी. पेशंटच्या आजाराचा तपशील मात्र वहीत लागेल तेवढाच लिहा, आणि वही कुणाला वाचायला देऊ नका.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगून ठेवते. अशा काळात तुमचा एखादा पेशंट जाईल. दोन-तीन वर्षं रोज ज्याला भरवलं ते माणूस गेल्यावर घरचे एकमेकांना सावरतात, आणि तुम्हाला त्याच संध्याकाळी नवीन घराचा पत्ता येतो. मी स्वतः असे पत्ते पाठवले आहेत. आता एक दिवस मध्ये सोडते. तुम्हाला तो मिळाला नाही तर मागा, कारण दुसऱ्या दिवशी नवीन घरात तुमचं लक्ष नसतं आणि औषधाची चूक अशाच दिवशी होते.

आज रात्रीपुरतं: आजोबांच्या घरच्यांना फोन करून नातवाची तपासणी झाली का विचारा, एजन्सीला वर दिलेला मेसेज पाठवा, आणि सकाळी स्वतःचा घसा-ताप बघून मगच डायलिसिसच्या बाईंकडे पाऊल टाका. तुम्ही त्या ताप असलेल्या घरात दोन दिवस नकळत वावरला आहात, हे त्यांच्या घरच्यांना सांगा. त्या दिवशी त्यांनी येऊ नका म्हटलं, तर तो खाडा तुमचा नाही. तसं एजन्सीला लिहून कळवा.